बहात्तरचं तळं कुणाला कसं आठवतं



या पानावर मी एरवी डाळिंबाच्या फवारण्या, तेल्या आणि पाण्याच्या पाळ्या लिहितो. आज जरा मागचं लिहितो, आणि लांबणार आहे.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. या उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायचं ठरलं. जेसीबी आला, ट्रॅक्टर लागले आणि दुसऱ्याच दिवशी वाद पेटला. बांधाच्या किती जवळ खोदायचं? सांडव्याखालचा ओढा नकाशात आहे पण रानात दिसत नाही, मग जादा पाणी जाणार कुठून? आणि मुख्य म्हणजे तळ्यात मोटारी टाकून थेट शेततळी भरायची का? ग्रामपंचायतीत कागद बघितला तर एका जुन्या रजिस्टरात गट नंबर आणि पुढे "दुष्काळी काम" एवढे दोन शब्द. बाकी सगळं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. ती आता सात-आठच राहिलीत. म्हणून वही घेतली आणि एकेकाच्या दारात जाऊन बसलो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमचा मुलूख माणदेश. आटपाडी, माण, सांगोला हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतच. माळ मुरमाड, काळी जमीन फक्त ओढ्याकाठी. खरिपाला बाजरी, हुलगा, मटकी, रब्बीला शाळू. खिल्लार जनावर आणि मेंढरू यांच्यावर घरं तगली. स्वातंत्र्याआधी आटपाडी औंध संस्थानात होती, त्यामुळे आमची म्हातारी माणसं अजून "संस्थान मोडलं त्या साली" असा हिशोब करतात.

हा हिशोब समजून घ्या, नाहीतर म्हाताऱ्यांशी बोलणं अवघड जातं. तारखा कुणाला येत नाहीत. गांधीवधाची साल, म्हणजे १९४८. कोयनेचा भूकंप, म्हणजे डिसेंबर १९६७. आणि मिलोची साल, म्हणजे १९७२-७३. लग्नं, बाळंतपणं, भावकीच्या वाटण्या, सगळं या खुंट्यांना बांधलेलं. माझा जन्म मिलोच्या सालातला, दिवाळीनंतरचा. दाखल्यावर मात्र १ जून आहे. आमच्या वयाच्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो, ही गुरुजींची कृपा.

तर बहात्तर. त्याच्या आधीची दोन सालंही अशीतशीच गेली होती. बहात्तरला बाजरी कोळपणीपर्यंतही आली नाही आणि परतीचा पाऊसही झाला नाही, त्यामुळे शाळू पेरलाच नाही. चुलते तेव्हा विशीत होते. ते सांगतात, पहिल्यांदा कडबा संपला, मग कणगीतला दाणा. निवडुंगाचे काटे भाजून फडी जनावरांना घातली. खिल्लार बैलांची जोडी, जिच्यावर घराची अब्रू, ती खरसुंडीच्या बाजारात मिळेल त्या पैशाला दिली. चुलते आजही त्या बैलांची नावं घेतात. नातवंडांची नावं विसरतात, बैलांची नाही.

मग कामं निघाली. रोजगार हमीची कल्पना आपल्या सांगली जिल्ह्याच्या वि. स. पागे यांची. तासगाव तालुक्यात आधी तिचा प्रयोग झाला होता. १९७२ साली ती राज्यभर जाहीर झाली, पण दुष्काळच एवढा मोठा होता की प्रत्यक्षात दुष्काळी कामं म्हणूनच माणसं कामावर गेली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती. कायदा पुढे १९७७ ला झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पुढे देशाने कायदा केला तो २००५ ला. हे आकडे माझ्या मुलाने काढून दिले. म्हाताऱ्यांच्या तोंडी यातलं काहीच नाही. त्यांना आठवते ती खडी, चौकडी आणि सुकडी.

चौकडी म्हणजे माती काढलेला मापाचा खड्डा. दहा फूट लांब, दहा रुंद, एक फूट खोल, म्हणजे शंभर घनफूट, एक ब्रास. मुकादम टेप लावायचा. खड्डा भरला नाही तर हजेरी कापायचा. नवरा टिकाव मारणार, बायको पाटी उचलणार, अशा जोड्या. ज्या बाईचा माणूस मुंबईला गिरणीत गेला, किंवा गलाईच्या धंद्यात कुठे परमुलखात गेला, तिची जोडी जमायची नाही. मग भावकीतला कुणीतरी दीर तिच्या जोडीला लागायचा. आमच्या थोरल्या चुलतीची अशी जोडी शेजारच्या नानांशी लागली होती. नाना नात्याचे नाहीत, जातीचेही नाहीत. दोन बांध पलीकडचं रान, एवढंच नातं. पण अजून चुलती त्यांना भाऊबीजेला ओवाळते. मला लहानपणी याचं कारण माहीत नव्हतं. परवा वही घेऊन बसलो तेव्हा कळलं.

बांध कसा घातला ते नानांनी सांगितलं, आणि हे तरुणांनी नीट वाचा. आधी पायात चर खणला, खाली कठीण लागेपर्यंत. त्यात ओढ्याकाठची काळी माती गाड्यांनी आणून टाकली. थर टाकायचा, पाणी मारायचं, पायांनी तुडवायचं, धुमसाने चोपायचं, मग दुसरा थर. हा बांधाचा गाभा. त्यावर दोन्ही बाजूंनी मुरूम, आणि पाण्याच्या अंगाला दगडाचं पिचिंग. दक्षिणेच्या टोकाला चर खणताना मोठा धोंडा लागला. तो फुटेना म्हणून तिथे चर थोडा वळवून घेतला. नाना काठी टेकत बांधावर आले आणि ती जागा दाखवली. तिथेच बांधाच्या खाली बारमाही ओल असते, हे आम्ही सगळे बघत आलो होतो, पण कारण कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे मी खुंट ठोकला आहे. जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय, बांधाचा पायथा सगळीकडे सोडायचा आणि खुंटाच्या बाजूला तर फिरकायचंच नाही.

आता जमिनीची गोष्ट. तळं ज्या रानात आहे ते रान एका भावकीचं. चार-साडेचार एकर, त्यातली दीड एकर चांगली काळी. ती भावकी आता खालच्या आळीत राहते. त्यांच्याकडे बसलो तर म्हातारबांनी आधी बोलायलाच नकार दिला. मग चहा झाल्यावर म्हणाले, "तुमच्या विहिरी भरल्या, आमचं रान बुडालं. एवढं लिही."

खरं आहे. पाझर तलावाचं पाणी झिरपून खालच्या अंगाला जातं. ज्याचं रान तळ्यात गेलं त्याची उरलेली जमीन वरच्या अंगाला, तिथे थेंब चढत नाही. मोबदला मिळाला तो उशिरा, आणि त्यातून दुसरीकडे अर्धा एकरही झालं नाही असं ते सांगतात. आमची विहीर तळ्याच्या खाली आहे. म्हणजे आमच्या घरातल्या आठवणीत तळं हे लक्ष्मी आणि त्यांच्या घरातल्या आठवणीत ते बुडीत. दोन घरांत दोनशे पावलांचं अंतर, एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणं-येणं, पण पन्नास वर्षांत ही गोष्ट उघड बोलली गेली नव्हती. पोरांना वाटायचं त्यांच्या घरचे लोक उगीच तिरकस वागतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या घागरीची. चुलते म्हणतात, दुष्काळाने जातपात बुडवली, सगळे एका रांगेत सुकडी खायचे. बौद्धवस्तीतल्या आजी तेव्हा तीन पोरांची आई होत्या. त्या म्हणाल्या, "रांग एक होती बाबा, सुकडी पण एक होती. पाणी मात्र आमच्या ओंजळीत वरून ओतायचे." चुलत्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तसंच होतं." मी दोन्ही लिहून ठेवलं आहे.

त्याच आजींनी आणखी एक सांगितलं. कामावरच्या लेकरांसाठी बाभळीला झोळ्या बांधलेल्या असायच्या. सांभाळायला एक म्हातारी नेमलेली. रडणारं पोर कुणाचं हे न बघता जिच्या अंगावर दूध असेल ती त्याला घ्यायची. माझी आई आठव्या महिन्यापर्यंत पाटी उचलत होती आणि बाळंतपणानंतर महिन्याभरात परत गेली. त्या झोळ्यांतली एक माझी. ज्यांच्या अंगावरचं मी प्यालो त्या कोण, हे आईला विचारलं तर ती नुसती हसते.

मिलोबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. भाकरी थापता यायची नाही, तव्यावर तडकायची, गार झाली की चामड्यासारखी. शाळूची पांढरी भाकरी खाणारी माणसं, त्यांना ती गिळवत नव्हती. पण तीच खाऊन जगलो, हे बोलताना प्रत्येक जण सांगतोच.

आता शेती अधिकारी मंडळींनी लक्ष द्यावं असं एक. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: बहात्तरला तुमच्या विहिरीत पाणी कुठे होतं? उत्तर जवळजवळ सारखंच आलं. सात-आठ परस खोल विहीर, तळाला हात-दोन हात पाणी. मोट बुडत नव्हती, घागर बुडत होती. म्हणजे रान भिजवायला नाही, पण प्यायला होतं. पूर्ण कोरड्या पडल्या त्या दोनच विहिरी, दोन्ही उत्तरेच्या माळावरच्या. तेव्हा गावात बोअर एकही नव्हता.

आणि २०१२-१३ ला? तेव्हा रेशनचं धान्य घरात होतं, दुकानं भरलेली होती, पण पाणी टँकरचं. जनावरं चारा छावणीत. चारशे-पाचशे फुटांचे बोअर धुरळा ओकत होते. बहात्तरला दाणा नव्हता, तेराला पाणी नव्हतं. पाऊस दोन्ही वेळा कमी. मधल्या चाळीस वर्षांत मोटेची धाव गेली, डिझेल इंजिन आलं, मग वीज, मग बोअर, मग डाळिंब. डाळिंबाने आम्हाला घरं बांधून दिली, त्याला नावं ठेवणार नाही. पण आम्ही बहात्तरच्या हात-दोन हात पाण्याच्याही खाली शिरलो, हे त्याच विहिरी सांगतात.

पुढे पाण्यासाठी लढा झाला, नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या, तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले, आणि आता टेंभूचं पाणी बऱ्याच गावांच्या शिवारात आलं आहे. आमच्याकडे ते एका बाजूच्या रानालाच पोचतं. उरलेलं निम्मं शिवार अजून या तळ्याच्या पाझरावर आहे.

म्हणून मोटारींच्या प्रश्नावर माझं मत मी ग्रामसभेत मांडणार आहे. तळ्यातून थेट उपसा नको. प्लास्टिकच्या शेततळ्यात गेलेलं पाणी एकाचं होतं, झिरपलेलं पाणी खालच्या चाळीस विहिरींचं. आणि गाळ वाटायचा असेल तर पहिल्या खेपा त्या भावकीच्या वरच्या माळावर टाकायच्या, डिझेलचा खर्च खालच्या विहीरवाल्यांनी करायचा. त्यांची दीड एकर काळी त्या तळ्यात गेली, निदान थोडी काळी त्यांच्या माळावर चढू दे. या मुद्द्यावर आमच्याच आळीतले चार जण माझ्यावर नाराज आहेत. असोत.

ओढ्याचं अजून सुटलेलं नाही. नाना म्हणतात तो जुन्या आंब्याच्या पूर्वेने जायचा, चुलते म्हणतात पश्चिमेने. आंबा आता नाही, त्याचा बुंधा कुठे होता ते सोमवारी दोघांना घेऊन जाऊन बघणार आहे. मृगाआधी चर मोकळा व्हायला हवा.

तुमच्याकडे बहात्तरच्या पाण्याची खूण सांगणारं कुणी असेल तर विहिरीचं नाव, खोली आणि तेव्हाचं पाणी एवढं विचारून खाली लिहा. पुढच्या आठवड्यात मृग बहाराच्या छाटणीबद्दल लिहितो.