हैदराबाद विरुद्ध मुंबई : आपण कोणाच्या बाजूचे?

गेल्या जानेवारीत आमच्या पुतण्याचा कॅलिफोर्नियाहून फोन आला. पॅसाडीनाच्या 'रोझ बोल' सामन्याबद्दल तो भरभरून बोलत होता. तिकडचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा. कॉलेजांचे संघ आपापल्या भागातल्या गटात हंगामभर खेळतात. हंगाम संपला की नववर्षाच्या सुमारास निरनिराळ्या गटांतले तगडे संघ एकमेकांसमोर येतात. रोझ बोलचा पहिला सामना 1902 साली झाला. 1947 पासून कित्येक दशके तिथे पॅसिफिक किनाऱ्याकडचा संघ आणि मध्य-पश्चिमेकडचा संघ यांची गाठ पडत असे. सगळे सांगून झाल्यावर पुतण्याने विचारले, "काका, आपल्याकडे असं काही होतं का हो?"

आम्ही म्हणालो, "होतं. आणि त्यात आपल्या घराची चांगलीच पंचाईत झाली होती." ती हकिकत तरुण मंडळींना माहीत नसेल, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहोत.

त्या काळी देशभराची एकच साखळी स्पर्धा नव्हती. कोलकाता, मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशा प्रत्येक शहराचे फुटबॉल स्वतंत्र होते. परगावच्या संघाशी खरा मुकाबला व्हायचा तो मोठ्या चषकांच्या स्पर्धांत. 1888 मध्ये सिमल्याला सुरू झालेला आणि पुढे दिल्लीला गेलेला ड्युरँड चषक, 1891 मध्ये सुरू झालेला मुंबईचा रोव्हर्स चषक, आणि प्रांतांच्या निवडक संघांसाठी 1941 पासूनची संतोष ट्रॉफी. कोणत्या शहराचा खेळ सरस, याचा निकाल तिथे लागत असे.

या स्पर्धांत आपल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने जे केले, ते आज सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक या संघाने जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर जाऊन, मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत! ड्युरँड चषकही 1950, 1954 आणि 1957 मध्ये हैदराबादेत आला.

या यशामागे होते सय्यद अब्दुल रहीम, सगळ्यांचे 'रहीमसाब'. ते मूळचे शिक्षक. आपल्या काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्येही त्यांनी शिकवले होते. 1943 पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते आणि 1950 पासून पोलीस संघाचे प्रशिक्षक. धिप्पाड देह आणि लांब फटके यांपेक्षा जवळच्या जवळ, झटपट पास देण्यावर त्यांचा भर असे. त्यासाठी ते पोरांच्या अजब स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत फक्त कमजोर पायानेच चेंडू मारायचा. दुसऱ्या स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवत न्यायला बंदी, आला की लगेच साथीदाराला द्यायचा. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा तुळशीदास बलराम हा गरीब घरातला मुलगा. सरावाला यायला त्याच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा सायकलच्या भाड्याचे पैसे रहीमसाबांनी स्वतः दिले. हाच बलराम पुढे देशाच्या नामांकित आघाडीपटूंत गणला गेला.

आता आमच्या घराकडे वळू. आजोबा आणि त्यांचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही मोठे आजोबा म्हणत असू, दोघेही हैदराबाद संस्थानच्या काळापासून सरकारी नोकर. एकाच कचेरीत शेजारीशेजारी बसणारे. दोघांनाही फुटबॉलचे वेड, आणि रहीमसाबांचे नाव निघाले की दोघेही कान धरत, गवयी गुरूचे नाव घेताना धरतात तसे.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. कन्नड भाग म्हैसूरकडे गेला. तेलंगण आणि हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात आले. जमिनीबरोबर नोकरदारांचीही वाटणी झाली. मोठे आजोबा मुंबई राज्यात गेले आणि नांदेडला रुजू झाले. आजोबा इथेच राहिले. मुलांची शाळा विवेकवर्धिनी, बिऱ्हाड सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत, आणि सुटायला तयार नसलेली हैदराबादची सवय. जाणारा राहणाऱ्याला म्हणाला, "तू परमुलखात राहिलास." राहणारा म्हणाला, "घर सोडून तुम्ही गेलात." दोघांचेही मन दुखावले आणि काही महिने पत्रव्यवहार बंद पडला.

बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबर 1956 रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवून फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत धडक मारली. तिथवर पोहोचलेला तो आशियातला पहिला संघ. त्या दिवशी तीन गोल केले नेव्हिल डिसूझा याने, मूळचा गोव्याचा आणि मुंबईकडून खेळणारा. संघाचे प्रशिक्षक होते आपले रहीमसाब, आणि संघात बलराम, अझीझुद्दीन, नूर मोहम्मद असे हैदराबादी खेळाडू. इकडे राज्य फुटून महिना झाला होता, आणि तिकडे हैदराबादची शिकवण व मुंबईचा नेम मिळून भारताला चौथ्या क्रमांकापर्यंत घेऊन गेले.

पण त्याच 1956-57 च्या हंगामात संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर उभे ठाकले हैदराबाद आणि मुंबई! ठिकाण त्रिवेंद्रम. पहिला सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळवावा लागला, आणि दुसऱ्या वेळी हैदराबादने 4-1 असा विजय मिळवला. मुंबईचा संघ काही लेचापेचा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, 1954-55 मध्ये, सेनादलाला हरवून त्याने ही ट्रॉफी जिंकली होती.

घरात पेच पडला. आपण मराठी, मग मुंबईच्या बाजूचे? की हैदराबादचे, म्हणून हैदराबादच्या बाजूचे? आजोबांनी निकाल वाचला आणि कित्येक महिन्यांनी पहिले पोस्टकार्ड नांदेडला टाकले. त्यावर एवढेच लिहिले होते : "4-1. तुमचा मुंबई संघ बरा खेळला." उलट टपाली उत्तर आले : "मुंबई संघ माझा कधीपासून? रहीमसाबांना माझाही सलाम सांग."

पुढच्याच हंगामात, 1957-58 ला, अंतिम सामना पुन्हा याच दोघांचा, आणि तोही हैदराबादेत. मोठे आजोबा रजा काढून नांदेडहून आले. दोघे भाऊ सामन्याला गेले. हैदराबादने 3-1 असा विजय मिळवला. आमचे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. ते सांगत, की मुंबईने गोल केला तेव्हाही दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि मागच्या माणसाने हैदराबादी भाषेत चार शब्द सुनावले.

रहीमसाबांनी 1962 मध्ये जकार्ताला एशियाडचे सुवर्णपदक पुन्हा मिळवून दिले. पहिले 1951 साली दिल्लीत त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मिळाले होते. 11 जून 1963 रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्याच, 1963-64 च्या हंगामात संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना पुन्हा याच दोन मुलखांत झाला. मात्र आता नावे बदलली होती, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र. महाराष्ट्राने 1-0 असा विजय मिळवला. या वेळी पोस्टकार्ड नांदेडहून आले. त्यावर फक्त निकाल होता, चिमटा नव्हता. ते पोस्टकार्ड अजून आमच्या कपाटात आहे.

ही सगळी हकिकत आम्हाला नीट उमगली ती 2014 मध्ये. तेलंगण वेगळे झाले आणि आमच्या खात्यातही वाटणीचे अर्ज आले. डिप्लोमा संपवून नोकरीला लागल्यापासून शेजारच्या टेबलावर बसणारे आमचे तेलुगू सहकारी आंध्रकडे गेले. जाताना, राहताना मनात काय होते ते तेव्हा कळले. आजोबांच्या आणि मोठ्या आजोबांच्या अबोल्याचाही अर्थ त्या दिवशी लागला. त्या रात्री आम्ही त्या सहकाऱ्यांना फोन केला, अबोला पडायच्या आत.

आज उप्पलच्या स्टेडियमवर मुंबई आणि हैदराबाद यांचा क्रिकेटचा सामना असला, की आमच्या घरात मुलगा केशरी जर्सी घालतो आणि मुलगी निळी. कोणी परका ठरत नाही. मंडळातल्या बहुतेक घरांत हेच चित्र असेल. पुतण्याने शेवटी विचारलेच, "मग काका, आपण नक्की कोणाच्या बाजूचे?" आम्ही त्याला सांगितले, की आजोबांनी 1957 साली दोन्ही बाजूंच्या गोलांना टाळ्या वाजवल्या होत्या. मात्र हैदराबादच्या गोलाला ते उठून उभे राहिले होते.