चुलीचा धूर आणि तान्ह्याची छाती

आपल्या आज्यांनी डोळे चोळत धूर सोसला. तो मांडीवरच्या बाळाच्या छातीत जातो, त्यानं न्यूमोनिया बळावतो, हे त्यांना सांगणार कोण? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला किर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून धूर मोजला. १९८३मध्ये सरकारनं सुधारित चुलींचा कार्यक्रम काढला. चुली वाटल्या, पण धुराडं काजळीनं तुंबलं की घर पुन्हा धुरकटायचं. २००२ला कार्यक्रम गुंडाळला. २०१६ला उज्ज्वला आली, दारात टाकी आली. पैसे संपले की ती कोपऱ्यात, आणि चूल पेटलेली! सरपण म्हणे फुकट. आपले तास कुणी मोजले? आम्ही गटातून टाकीपुरतं बिनव्याजी कर्ज देतो, तान्हं मूल असलेल्या घराला आधी.