बंदिवान स्त्री आणि घरची वर्दी

वेदगंगेकाठच्या मुरगूडची एखादी स्त्री मुंबईंत पोलिसांच्या हातीं पडली, तर तिच्या घरीं वर्दी कोणीं द्यावी? प्रश्न क्षुल्लक नव्हे. वकील, जामीन, मागें राहिलेलीं मुलें, सारें त्या वर्दीवर लटकलेलें असतें.

१९८२ च्या मे महिन्यांत पत्रकार शीला बारसे ह्यांनीं मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहांतील १५ स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडींत आपणांस मारहाण झाली, असें ५ जणींनीं सांगितलें. बारसेबाईंचें पत्र हाच अर्ज मानून सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण हातीं घेतलें, आणि निर्मला निकेतनच्या संचालिकांस तुरुंगांत जाऊन अहवाल देण्यास सांगितलें. १९८३ च्या फेब्रुवारींतील निकालानें स्त्रियांसाठीं निराळ्या कोठड्या व स्त्री-पहारा ठरविला. आम्हांस त्यांतील दुसरेंच कलम अधिक मोलाचें वाटतें: अटक होतांच पोलिसांनीं नातेवाइकाचें अथवा स्नेह्याचें नांव विचारावें, व त्यास कळवावें.

‘अथवा स्नेह्याचें’! तुरुंगांतून आलेल्या पुरुषाची घरीं बहुधा दृष्ट काढतात. स्त्रीला सासरचें दार बंद, आणि माहेरही कानकोंडें. अशा वेळीं शेजारीण हीच सोयरी. २००५ च्या दुरुस्तीनें ही वर्दी फौजदारी संहितेंत शिरली. २०२४ त आलेल्या नव्या संहितेंतही ती कायम आहे.

मात्र निरोप पोंचल्यावर भेटीस कोणी येतें कीं नाहीं, हें कायद्याच्या हातीं नाहीं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या, १९९० त सुरू झालेल्या ‘प्रयास’ प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनीं कैदी स्त्रियांच्या घरच्यांशीं गांठ घालण्याचें काम पत्करलें, तें ह्याच ठिकाणीं.