सभागृहाचा अवमान आणि सरकारी अंमलदार

१८७५ सालच्या मे महिन्याची १२ तारीख. भीमथडी तालुक्यांतील सुपें या गांवीं बाजार भरला होता. त्या दिवशीं आसपासच्या कुणब्यांनीं सावकारांचीं दुकानें फोडलीं आणि जितके कर्जरोखे हातीं लागले तितक्यांची होळी केली. थोड्याच दिवसांत हें लोण शिरूर, इंदापूर, पुरंदर या तालुक्यांत व नगर जिल्ह्यांतही पोंचलें. भीमेच्या एका अंगास शिरूर, दुसऱ्या अंगास ज्याला आतां दौंड तालुका म्हणतात तो भीमथडीचा मुलूख. दोन्हीं थड्यांवर रयतेची तक्रार एकच होती. सावकाराचें व्याज, दिवाणी कोर्टाची जप्ती आणि नव्या पाहणीनंतर वाढलेला सारा. पहिल्या गोष्टीचा दोष सावकाराकडे जातो, पण तिसरी सर्वस्वी सरकारी खात्याची करणी होती. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें आणि १८७९ मध्यें शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. मात्र मुंबईस १८६२ पासून जें कायदेकौन्सिल भरत होतें, त्यांतील एकाही सभासदास ‘सारा इतका कां वाढविला?’ एवढा साधा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती.

असें कां होतें, तें पाहण्यासारखें आहे. १८५४ मध्यें कलकत्त्यास जें कायदेकौन्सिल बसलें त्यानें थोड्याच अवधींत पार्लमेंटची ढब उचलली. सभासद सरकारला प्रश्न विचारूं लागले, कागदपत्रें मागूं लागले. म्हैसूरच्या टिपूच्या वंशजांस द्यावयाच्या नेमणुकीबद्दल त्यांनीं खुलासा मागितला, तेव्हां तर विलायतेस सर चार्ल्स वुड यांचा रोष झाला. १८६१ चा कायदा आला तो हा उपद्रव मोडण्यासाठीं. यापुढें कौन्सिलांनीं कायदे करावे, दुसऱ्या कशांत लक्ष घालूं नये, असा त्याचा भावार्थ. वसाहतींच्या सभांबद्दलचा दंडक तर त्यापूर्वींच ठरून गेला होता. न्यूफाउंडलंडच्या सभेनें एका सभासदाशीं भांडलेल्या किएली नांवाच्या डॉक्टरास कैद केलें होतें. प्रिव्ही कौन्सिलनें १८४२ मध्यें निकाल दिला कीं, अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा कॉमन्स सभेचा अधिकार तिच्या प्राचीन वहिवाटीचा आहे; वसाहतीच्या सभेस तो वारशानें मिळत नाहीं.

ती वहिवाट तरी फार सोज्वळ होती असें नव्हे. १८४० च्या आरंभीं कॉमन्स सभेनें मिडलसेक्सच्या दोन शेरीफांस तुरुंगांत टाकलें. त्यांचा अपराध एवढाच कीं, सभेच्या हुकमानें छापलेल्या एका अहवालाबद्दल स्टॉकडेल नांवाच्या प्रकाशकानें मुद्रक हॅन्सर्ड याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा जिंकला आणि कोर्टाच्या हुकमाप्रमाणें शेरीफांनीं हॅन्सर्डच्या मालावर जप्ती नेली. हुकूम बजावला तर सभा कैदेंत टाकणार, न बजावला तर कोर्ट टाकणार; बिचाऱ्यांची अवस्था अडकित्त्यांतील सुपारीसारखी झाली. पुढें १८८० मध्यें चार्ल्स ब्रॅडलॉ या सभासदासच सभेनें घड्याळाच्या मनोऱ्यांत एक रात्र कोंडून ठेवलें. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेसला हिंदुस्थानचे कैवारी म्हणून आले होते. त्यांच्यानंतर कॉमन्स सभेनें कोणासही कैदेंत धाडलेलें नाहीं.

इकडे प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ मध्यें मिळाला, तोही उत्तरावर चर्चा करावयाची नाहीं या अटीवर. उत्तर खोटें असलें तर काय, हा विचारच नव्हता. १९०१ मध्यें जमीनमहसुलाच्या कायद्याची दुरुस्ती आली, तेव्हां फेरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभासदांच्या हातीं सभात्यागाखेरीज दुसरें साधन उरलें नाहीं. १९३५ च्या कायद्यानें प्रांतांना निवडून आलेलें मंत्रिमंडळ दिलें, परंतु त्याच्याच ७१ व्या कलमांत स्पष्ट लिहून ठेवलें कीं, प्रांतिक कायदेमंडळास कोर्टाचा दर्जा नाहीं. दंगा करणारास बाहेर काढण्यापलीकडे शिक्षेचा अधिकार नाहीं. समितीपुढें साक्ष न देणाऱ्यास कोर्टाकडून शिक्षा देवविण्याचा कायदा करतां येईल, अशी सवलत होती खरी. तथापि सरकारी नोकरांनीं समितीपुढें केव्हां व कसें यावें याचे नियम करणें गव्हर्नराच्या हातीं राहिलें. म्हणजे ज्याला जाब विचारावयाचा, नेमका तोच हातचा निसटत असे.

१९५० च्या संविधानानें हें चित्र एका वाक्यांत पालटलें. त्याच्या १९४ व्या कलमान्वयें, स्वतंत्र कायदा होईपर्यंत, कॉमन्स सभेचे त्या दिवशींचे विशेषाधिकार राज्यांच्या विधिमंडळांना मिळाले. १९७८ च्या घटनादुरुस्तीनें कॉमन्स सभेचें नांव गाळलें, अधिकार तेच ठेवले. या अधिकारांची पुरती यादी करणारा कायदा संसदेनें केलेला नाहीं.

हा अधिकार निरर्थक आहे, असें कोणी म्हणूं नये. खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी दौंड तालुक्यांतील शेवटच्या गांवास कां पोंचलें नाहीं, शिरूरच्या रस्त्याचे पैसे कोठें गेले, असें आमदार विचारतो तेव्हां उत्तर मंत्री वाचतो, पण तें लिहून देतो कचेरींतला अंमलदार. जाणूनबुजून खोटें लिहिलें तर तो सभागृहाचा अवमान होतो. या धाकाशिवाय प्रश्नोत्तरांचा तास हा केवळ उपचार ठरेल. उलट, खरें लिहूं पाहणाऱ्या अंमलदाराचें रक्षणही याच अधिकारानें होतें. १९७५ मध्यें मारुति कारखान्यासंबंधीं लोकसभेंतील प्रश्नाची माहिती गोळा करणाऱ्या चार अधिकाऱ्यांचा छळ झाला, त्यांच्यामागें चौकशा लावल्या गेल्या. पुण्याचे मधु लिमये यांनीं १९७७ मध्यें तें प्रकरण हक्कभंगाच्या रूपानें सभागृहापुढें आणलें. १९ डिसेंबर १९७८ रोजीं लोकसभेनें इंदिरा गांधींचें सदस्यत्व रद्द करून त्यांस अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगांत धाडलें आणि त्यांच्याबरोबर केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक डी. सेन यांनाही. पुढच्या लोकसभेनें ७ मे १९८१ रोजीं तो ठराव रद्द केला. बहुमत फिरलें कीं अवमानाची व्याख्याही फिरते, ही या प्रकरणाची दुसरी बाजू.

सभागृहच फिर्यादी आणि तेंच न्यायाधीश, मग त्याला आवरणार कोण? १९६४ मध्यें हा प्रश्न विकोपास गेला. उत्तर प्रदेशच्या विधानसभेनें केशवसिंग या कार्यकर्त्यास कैद केलें, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीं त्यास जामीन दिला, तेव्हां सभेनें त्या न्यायाधीशांनाच पकडून आणण्याचा ठराव केला! अखेर त्या न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांनीं एकत्र बसून ठरावाची अंमलबजावणी थांबविली. राष्ट्रपतींनीं सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. साताऱ्यास जन्मलेले सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनीं ३० सप्टेंबर १९६४ रोजीं बहुमताचा अभिप्राय दिला कीं, नागरिकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न येतो तेथें सभागृहाच्या वॉरंटाकडे न्यायालयास पाहतां येतें.

महाराष्ट्राची कसोटी त्यानंतर ४४ वर्षांनीं लागली. २७ मार्च २००८ रोजीं विधानसभेनें राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांस दोन दिवस कैदेची शिक्षा फर्माविली व ते तुरुंगांत गेले. वाद होता तो स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत आयुक्ताचा अधिकार कोठवर चालतो याचा. आपलें पद घटनात्मक आहे, या भूमिकेवरून त्यांनीं विशेषाधिकार समितीपुढें जाण्यास नकार दिला होता. समितीनें बोलावलें असतां न जाणें हें शिष्टाचारास धरून नव्हतें, एवढें सभागृहाच्या बाजूनें म्हणतां येईल. पण ज्याला शिक्षा झाली तो मामलेदार किंवा कालवा इन्स्पेक्टर नव्हता. पंचायत राज्याच्या घटनादुरुस्तीनें हें पद मुद्दामच मंत्र्यांच्या व आमदारांच्या हाताबाहेर ठेवलें. शिरूरची पंचायत समिति कोणाच्या ताब्यांत जावी, यांत तेथील आमदारास गोडी असणारच. निवडणूक त्याच्या सोयीची होऊं नये म्हणून तर आयुक्त नेमला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास काढण्याची जी कडक रीत, त्याच रीतीनें या आयुक्तास पदावरून दूर करतां येतें. अशा माणसास दोन दिवस तुरुंगांत बसविण्यास मात्र एक ठराव पुरला. हें उचित झालें असें म्हणवत नाहीं.

१९ मार्च २०१३ रोजीं तर विधानभवनाच्या आवारांत एका पोलीस अधिकाऱ्यास मारहाण झाली. आदल्या दिवशीं त्यानें एका आमदाराची वेगानें जाणारी मोटार अडविली होती आणि त्याच्यावर हक्कभंगाची सूचनाही दाखल झाली होती. पांच आमदार निलंबित झाले, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. हक्कभंगाचा कागद आणि उगारलेला हात यांत तेथें फार अंतर उरलें नव्हतें. ३ मार्च २०२३ रोजीं उत्तर प्रदेशच्या विधानसभेनें २००४ च्या लाठीमाराबद्दल सहा पोलिसांना एक दिवसाची कैद दिली. त्यांपैकीं एक जण तोंवर निवृत्त झाला होता.

त्याच २०२३ सालीं महाराष्ट्र विधानसभेच्या विशेषाधिकार समितीचे अध्यक्ष होते दौंडचे आमदार राहुल कुल. ज्या भीमथडीचा प्रश्न १८७५ मध्यें कौन्सिलांत विचारण्याची सोय नव्हती, त्याच मुलखाचा प्रतिनिधि आतां अंमलदारांस समोर बोलाविण्याच्या आसनावर बसला होता. आणि त्याच वेळीं पुणें जिल्हा परिषदेंत व शिरूर-दौंडच्या पंचायत समित्यांत लोकांनीं निवडलेलें कोणीच नव्हतें. २०१७ मध्यें निवडून आलेल्यांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली होती. नव्या निवडणुका झाल्या नव्हत्या आणि कारभार सरकारनें नेमलेले प्रशासक पाहत होते.