चामडी चकती, जिनिंग यंत्राची
सरकी काढण्याच्या यंत्रातील रूळ चामड्याच्या ज्या वर्तुळाकार तुकड्यांचा रचतात, त्यांना चकती किंवा वॉशर म्हणतात. अमरावती व अकोला या कापूसप्रधान जिल्ह्यांत चामडे अचूक गोल कापण्याच्या कामाचा जिनिंगशी निकटचा संबंध आहे. गावगाड्यातील चर्मकार रापीने चामडे कापून व आरीने शिवून जोडे आणि मोटा करीत आणि त्याबद्दल बलुते घेत. जोड्याच्या तळव्यात थोडी उणीव राहिली, तरी शिवणीत ती सामावून घेता येई. चकतीला ही सवलत नाही.

१८४० मध्ये अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी यांनी चामडी रूळ व त्यावर टेकलेले स्थिर पाते असलेल्या यंत्राचे एकस्व घेतले. रुळासाठी वॉलरस या सागरी प्राण्याचे जाड कातडे विशेष पसंत केले जाई. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) येथील कापसाची मागणी वाढली आणि अकोला व बडनेऱ्यावरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. पुढे यांत्रिक जिन सर्वत्र पसरले. भारतात क्रोम-कमावणीचे प्रयोग आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रास येथे १९०३ मध्ये सुरू केले, ते विहिरीवरील मोटांना टिकाऊ चामडे मिळावे म्हणून. मोट मागे पडली. ते चामडे मात्र जिनच्या रुळांत राहिले.

क्रोम चामडे मऊ असून पात्याखाली दबते व ओढले जाते. त्यामुळे नवशिक्याचे वर्तुळ बहुधा लंबगोल होते. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट, तर पोटाकडील सैल व ताणणारे असते; म्हणून तुकडा निवडण्यापासूनच काळजी घ्यावी लागते. कंपासने परीघ आखून प्रथम सरळ छेदांनी कोपरे उडवावे व नंतर कड थोडीथोडी तासावी. पाते उभे धरून चामडे फिरविणे श्रेयस्कर. पाते कलल्यास वरील व खालील व्यास भिन्न होतात. कंपासच्या टोकाने पडलेले छिद्र आसाच्या भोकात आपोआप नाहीसे होते. मोठ्या प्रमाणावरील कामात अर्थातच धारदार साचा व दाबयंत्र वापरतात.

अनेक थर एकत्र करून बनविलेल्या चकत्या आसावर ओवून घट्ट दाबतात आणि रूळ लेथवर गोल करून घेतात. दुहेरी रुळांच्या यंत्रात त्याचा व्यास सुमारे १८० मिमी. असतो. नंतर पृष्ठभागावर मळसूत्री खाचा कोरतात. खाचांमुळे तंतू चामड्याला धरून पात्याखाली ओढले जातात व सरकी मागे राहते. रूळ केंद्रापासून किंचित ढळला, तरी पात्यावरील दाब असमान होतो. एके ठिकाणी चामडे तापते, तर दुसऱ्या ठिकाणी तंतू सुटतात. वापराने पृष्ठभाग गुळगुळीत झाला की खाचा पुन्हा पाडाव्या लागतात.

झिजलेल्या क्रोम चामड्याची भुकटी रुईत व हवेत मिसळते. तीत क्रोमियम असते. त्याचे षट्संयुजी रूप कर्करोगकारक आहे. या भुकटीचा पहिला उपद्रव सूतगिरणीला नव्हे, तर रूळ घासणाऱ्या व खाचा पाडणाऱ्या कामगारांना होतो. तरीही रुईच्या प्रतीची चर्चाच अधिक झाली, हे खेदजनक आहे. चामड्याला पर्याय म्हणून रबरयुक्त सुती कापडाच्या चकत्या तयार करण्यात आल्या असून, त्यांच्या रुळावरही खाचा पाडाव्या लागतात.