टोपीवरचा तुरा आणि पाणथळीचा राखणदार



पहिला पाऊस झाला, शेतात औत चालू झाले, की नांगरामागून पांढरे बगळे चालू लागतात. ढेकळांतले किडे टिपतात. त्यांना कोणी हाकलत नाही आणि तेही माणसाला भीत नाहीत. पण बगळ्याच्या याच पांढऱ्या पिसांपायी एके काळी मोठा अनर्थ झाला, आणि तो थांबवताना एका माणसाला जिवाला मुकावे लागले. ती हकिकत आज सांगायची आहे. घडली मात्र दूर अमेरिकेत.

शिक्षकमित्रांनो, वर्गात जगाचा नकाशा असेल तर मुलांना दाखवा. अमेरिकेच्या आग्नेय कोपऱ्यातून जमिनीची एक जीभ समुद्रात उतरली आहे. ती फ्लॉरिडा. तिच्या टोकाला एव्हरग्लेड्स नावाची अफाट पाणथळ आहे. तिथे सरोवराचे पाणी गवतातून, कोसच्या कोस रुंद पसरून, अगदी संथपणे समुद्राकडे सरकत असते. किनाऱ्याला खारफुटीचे रान आहे, आपल्या कोकणच्या खाड्यांत असते तसेच. उथळ पाणी आणि मुबलक मासे. मग बगळ्यांना आणखी काय हवे? त्यांनी तिथे हजारोंनी घरटी बांधली.

आता बाजार काय करतो पहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत बायकांत टोपीवर पिसांचे तुरे लावण्याची टूम निघाली. 1886 साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीअभ्यासकाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन फेऱ्या मारून टोप्या मोजल्या. 700 टोप्यांपैकी 542 टोप्यांवर पिसे होती! 1903 च्या सुमारास बगळ्याच्या तुऱ्याला औंसाला 32 डॉलरपर्यंत भाव मिळे. औंस म्हणजे आपले जेमतेम अडीच तोळे. तेवढे सोनेही त्या वेळी याहून स्वस्त होते.

पण खरा घात पुढेच आहे. बगळ्याला हे नाजूक, लांब तुरे येतात ते विणीच्या हंगामात. म्हणजे शिकारी येणार तो नेमका घरट्यात पिले असताना. त्या वेळी आईबाप घरटे सोडून लांब जात नाहीत, त्यामुळे ते सहज सापडतात. ते मारले की पिले उपाशी मरतात. एका तुऱ्यापायी दोन पिढ्या जात होत्या.

1901 साली फ्लॉरिडात पक्षीरक्षणाचा कायदा झाला. पण त्या दलदलीत कायदा पाळतो कोण? म्हणून 1902 साली गाय ब्रॅडली याला राखणदार नेमले. पगार महिना 35 डॉलर. हा कोणी बाहेरचा साहेब नव्हता बरं का! तिथेच वाढलेला, पोरवयात स्वतः पिसांच्या शिकाऱ्यांबरोबर हिंडलेला. त्याला प्रत्येक खाडी, प्रत्येक वसाहत ठाऊक होती. शिकारी तर त्याचे शेजारीपाजारीच.

8 जुलै 1905 ची सकाळ. फ्लेमिंगो या किनाऱ्यावरच्या वस्तीत ब्रॅडलीला समुद्राकडून बंदुकीचे बार ऐकू आले. तो लहानशी होडी घेऊन एकटाच निघाला. बेटाजवळ वॉल्टर स्मिथ या ओळखीच्या माणसाचे गलबत उभे होते. तिथे बाचाबाची झाली आणि स्मिथने त्याला गोळी घातली. ब्रॅडलीचे प्रेत होडीत वाहत गेलेले दुसऱ्या दिवशी सापडले. मागे बायको आणि दोन लहान मुलगे राहिले. स्मिथ म्हणाला, ‘मी स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली.’ पंचांनी खटला उभा राहू दिला नाही. पाचेक महिन्यांत तो सुटला.

कायदा होता, राखणदारही होता, तरी पक्षी मरत राहिले. कारण गिऱ्हाईक जागेवरच होते. ते हलवले बायकांनीच. बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी 1896 सालापासूनच घरोघरच्या बायकांना चहाला बोलावून पिसांची टोपी न घालण्याबद्दल मन वळवायला सुरुवात केली होती. ब्रॅडलीच्या खुनानंतर लोकमत आणखी तापले. 1910 साली न्यूयॉर्क राज्याने अशा पिसांच्या विक्रीला बंदी केली, आणि 1918 साली स्थलांतरी पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा साऱ्या देशाला लागू झाला. आपल्याकडूनही पिसे परदेशी जात. हिंदुस्थान सरकारने 1902 सालीच ती निर्यात बंद केली होती.

त्या टोप्या मोजणाऱ्या चॅपमनने आणखी एक युक्ती काढली. नाताळात बंदुका घेऊन पाखरे टिपण्याच्या चढाओढी लागत. त्याने सुचवले, मारू नका, मोजा. 1900 च्या नाताळात 27 जणांनी पक्षी मोजले. ती मोजणी आजही दरवर्षी होते आणि हजारो लोक तीत भाग घेतात.

6 डिसेंबर 1947 रोजी एव्हरग्लेड्सचे राष्ट्रीय उद्यान झाले. जिथून ब्रॅडली होडी घेऊन निघाला, त्या फ्लेमिंगोत आज लोक दुर्बिणी घेऊन येतात. तिथल्या माहिती-केंद्राला ब्रॅडलीचेच नाव आहे. काळजी संपलेली नाही. कालवे काढून पाणी वळवल्यामुळे पाणथळ आटली आणि पक्षी पुन्हा घटले; ते पाणी परत आणण्याचे काम 2000 सालच्या योजनेपासून चालू आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. पुष्कळ गावांत चिंचेवर किंवा वडावर बगळ्यांची वसाहत असते. खाली विष्ठा पडते, वास येतो, आणि ऐन पावसाळ्यात कोणी कुऱ्हाड घेऊन फांद्या उतरवतो. फांदीबरोबर पिलेही खाली येतात. फांद्या छाटायच्याच असतील तर पिले उडून जाईपर्यंत, पावसाळा सरेपर्यंत, थांबावे. शिक्षकांनी मुलांना घेऊन झाडापासून लांब उभे राहावे, घरटी मोजावीत आणि आकडा तारखेसह शाळेच्या वहीत लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा मोजावीत. आकडा घटला तर का घटला, हे मुले आपण होऊन विचारतील. गावच्या पंचांनाही तो प्रश्न ऐकावा लागेल.