चुकारा कधी?

वलगाव म्हटलं की बहुतेकांना पेढी नदी आणि गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ ला बाबांनी इथेच देह ठेवला. पण आजचा विषय वेगळा आहे. आपल्याकडे माल विकून आलेल्या माणसाला घरचे आधी भाव विचारतात आणि लगेच, "चुकारा कधी?" मंडळी, या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास फार जुना आहे.

रेल्वे येण्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरला जायचा, सुमारे ५०० मैल! तिथून गंगेतून कलकत्त्याला. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे बोजे या वाटेने पाठवले, असं सांगतात. एवढा माल महिनोन्‌महिने वाटेत, म्हणजे पैसाही वाटेत.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लिव्हरपूलला वऱ्हाड आठवलं. आपल्या रुईला तिथे 'उमरा' म्हणत, उमरावतीवरून. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतले प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे मोठे सावकारही बुडाले. जहाज समुद्रात असताना भाव पडला, की घेणारा खुसपट काढणारच. माल उशिरा आला, कचरा जास्त आहे, पैसे कापून देतो.. अशी भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालवणं कोणालाच परवडत नाही.

म्हणून व्यापाऱ्यांनी आपसात पंच नेमले. धान्यापुरतं बोलायचं तर १८७८ ला लंडन कॉर्न ट्रेड असोसिएशन निघाली. तिचे छापील करार जगभर चालले. १९७१ पासून तिची वारसदार 'गाफ्टा' ही संस्था आहे. तिच्या नेहमीच्या करारांत माल चढवायला आठ दिवसांपर्यंत वाढीव मुदत मागता येते, पण भाव कापून: चार दिवसांपर्यंत अर्धा टक्का, सहापर्यंत एक, आठपर्यंत दीड. भांडण झालं तर दोघांचा एकेक पंच, तिसरा संस्थेचा. एकाने पंच नेमलाच नाही, तर संस्था नेमते. टाळाटाळीला वाव नाही.

आता आपल्याकडे या. १८८६ ला कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणतात. १८९७ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. खरं तर अभिमानाचीच गोष्ट. पण देखरेखीच्या समितीवर भरणा व्यापाऱ्यांचा, पिकवणाऱ्याला तिथे जागा नव्हती. म्हणजे तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच भाऊबंदांपुढे मांडायची! १९६३ च्या राज्याच्या कायद्यात समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी आहेत, तंटे मिटवायची सोयही आहे. १९७२ ला कापसाची एकाधिकार खरेदी आली, तेव्हा घेणारं सरकारच होतं. तरी चुकारे हप्त्यांनी आणि वाट पाहूनच.

मला राहून राहून वाटतं, त्या लंडनच्या कागदातली खरी किमती गोष्ट म्हणजे तो दीड टक्का. उशीर होणारच हे धरून त्याची किंमत आधीच लिहून ठेवली आहे. आपल्याकडे मात्र उशिराची किंमत शेतकरी भरतो, तीही सावकाराच्या व्याजाने, आणि कुठल्याच पावतीवर ती दिसत नाही. सौदा होतानाच कोणी ती लिहून मागितली तर?

असो. तुमच्या घरच्या जुन्या वह्यांत अडत्यांचे हिशेब असतील तर जरूर कळवा. चुकाऱ्याची तारीख बघा आधी!